इनामगावचे कुंभ आणि सुवार्ता न ऐकलेले पूर्वज



बाप्तिस्म्याच्या तयारीस बसलेल्या वडीलधाऱ्या माणसांकडून, विशेषेकरून म्हाताऱ्या बायांकडून, एक प्रश्न आपल्या उपदेशक बंधूंस वारंवार विचारला जातो. दहा आज्ञा पाठ झालेल्या असतात, प्रभूची प्रार्थना तोंडी आलेली असते, आणि मग एखादी आजी पदर सावरून हळूच म्हणते, "मास्तर, माझं तर झालं, पण माझी आई गेली, तिला हे नाव कुणी सांगितलंच नाही. तिचं काय?" खेड्यापाड्यांतून काम केलेल्या ज्या उपदेशकास हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, त्याच्याशी लोक अजून मोकळेपणाने बोलू लागलेले नाहीत असे समजावे.

ह्या प्रश्नास आपल्यात दोन उत्तरे प्रचलित आहेत. एक असे की, ज्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले नाही ते सर्व नाश पावले, त्याविषयी अधिक विचारू नये. दुसरे असे की, आजी, काळजी करू नका, सगळे रस्ते एकाच गावी जातात. पहिले उत्तर देणारा बहुधा तरुण व नुकताच शिकून आलेला असतो. दुसरे देणारा बहुधा थकलेला असतो. दोन्ही उत्तरांनी ती आजी गप्प बसते. पण गप्प बसणे व समाधान पावणे ह्यांत अंतर आहे, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहणारास कळते.

आम्हास ह्या प्रश्नाचा विचार करताना मातीच्या दोन कुंभांची मोठी मदत झाली आहे. त्यांची हकिकत प्रथम सांगतो.

काळी व पांढरी हे शब्द आपणा खेडेगावच्या लोकांस समजावून सांगावे लागत नाहीत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडतात, चुलीची राख साचते, सारवणावर सारवण चढते आणि त्या जागेची माती फिकी होते. गाव उठून गेले तरी ती माती ओळखू येते. अशा ओसाड पांढरीची माती भिंतीस व धाब्यास चांगली म्हणून लोक ती गाड्या भरभरून नेतात, आणि तीत निघालेल्या खापऱ्यांनी पोरे खेळतात. त्या खापऱ्या कोणाच्या, हे विचारण्याची आपल्यास सवय नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील ओसाड टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी ह्यांच्या देखरेखीखाली हे काम झाले व त्याचा मोठा वृत्तांत १९८८ साली छापून निघाला. त्या टेकाडांच्या पोटात एक आख्खे शेतकरी गाव निघाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून सुमारे ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, लोक तेथे नांदले. त्यांना तांबे ठाऊक होते, लोखंड अजून आलेले नव्हते. रोजचे काम दगडाच्या पात्यांवर चाले. ते जव पिकवीत, कुळीथ खात, गुरे पाळीत. नदीचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी पाट खणला होता व बांध घातला होता. तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली तोटीची भांडी ते इतकी सुबक करीत की, आजच्या कुंभारानेही हातात घेऊन पाहावीत. लिहिणे मात्र त्यांस येत नव्हते. म्हणून ते स्वतःस काय म्हणवून घेत, त्यांच्या देवांची नावे काय होती, ह्यांतले काहीच उरलेले नाही. विद्वान त्यांस जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतात. पण ते नाव संगमनेराजवळच्या जोर्वे ह्या खेड्याचे आहे, कारण तशी भांडी तेथे १९५०-५१ साली झालेल्या उत्खननात प्रथम ओळखली गेली.

नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) आपल्या वाचकांस प्रवरेकाठचे दायमाबाद आठवेल. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास जमीन खणताना तांब्याची चार भारी शिल्पे सापडली: बैलजोडी जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला हाकणारा, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारींचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक भरले. ती किती जुनी, ह्याविषयी पंडितांत वाद झाला. वस्तुसंग्रहालयात लोक अशा वस्तूंपुढे थांबतात, व थांबावे असेच ते काम आहे. पण तो रथ कोणा थोराचा असणार. आम्ही ज्या भांड्यांविषयी लिहीत आहो ती कोणाच्याही घरची आहेत.

इनामगावच्या घरांची जमीन उकलली तेव्हा तिच्याखाली लहान मुलांची दफने मिळाली. एकंदर दफने दोनशेंहून अधिक, आणि त्यांत मुलांचीच फार. रीत अशी होती: राखी रंगाचे दोन जाडेभरडे कुंभ घ्यावयाचे, मूल त्यांत ठेवावयाचे, कुंभांची तोंडे एकमेकांस भिडवावयाची, आणि घराच्या जमिनीतच खड्डा करून ते आडवे पुरावयाचे. जवळ एकदोन लहान भांडी ठेवावयाची. मग माती लोटावयाची, चोपावयाची, सारवावयाची. त्याच जमिनीवर पुन्हा चूल पेटावयाची व भावंडे निजावयाची.

वाचकहो, ह्या रीतीचा थोडा विचार करा. गावाबाहेर जागा नव्हती असे नाही. नदीकाठ मोकळा होता. तरी त्या आईबापांनी आपले मूल उंबऱ्याच्या आत ठेवले. कोल्ह्याकुत्र्याने उकरू नये, एवढाच हेतू असता तर खोल खड्डा पुरला असता. दोन कुंभांची तोंडे जुळवून त्यांनी जे केले ते पाळण्यासारखे दिसते, किंवा ज्या पोटातून ते मूल आले त्यासारखे. आम्ही त्यांच्या मनात शिरू शकत नाही. पण ज्या कोणी आपले लेकरू पुरले आहे, त्यास हे कुंभ समजण्यासाठी पंडिताची गरज लागणार नाही. तीन हजार वर्षांचे अंतर त्या एका गोष्टीत काहीच उरत नाही.

आता ह्याच जमिनीखालची दुसरी गोष्ट. मोठ्या माणसांस ते लोक उत्तरेकडे डोके व दक्षिणेकडे पाय करून लांब निजवीत. आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळतात. मेलेल्याने उठून चालू नये, भूत होऊन फिरू नये, म्हणून असे करीत असावेत असे विद्वानांचे अनुमान आहे. ज्या बापाने आयुष्यभर नांगर धरून घर पोसले, त्याचे पाय त्याच्याच मुलांनी तोडले. द्वेषाने नव्हे, पाण्याचे व अन्नाचे भांडे त्यांनी त्याच्या उशाशी ठेवलेच. एकाच घरात, एकाच सारवणाखाली, माया व भीती अशा दोघी शेजारी निजलेल्या आहेत.

ह्या भीतीतही लहानमोठेपणा सुटला नव्हता, हे येथेच सांगितले पाहिजे. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या प्रचंड रांजणात, सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसवून पुरलेला मिळाला. त्याचे पाय शाबूत होते. घराशेजारी धान्याचे कोठार होते. तो गावचा मुख्य असावा असे म्हणतात. गरिबाचे भूत भयंकर व धन्याचे भूत कल्याणकारी, असा त्यांचा हिशेब होता की काय, देव जाणे. आपल्या गावांतून आजही तो हिशेब पुसला गेलेला नाही.

आता त्या काळाशेजारी पवित्र शास्त्राचा काळ मांडून पाहू. आपण शब्बाथशाळेत मोशे, शास्ते, दावीद, यशया असे क्रमाने शिकवतो, पण तेव्हा आपल्या देशी काय चालले होते हे आपल्या मनात येत नाही. दावीद यरुशलेमात राज्य करीत होता तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे १००० चा. तेव्हा घोडेच्या काठी हे गाव नांदत होते. दाविदाचे तान्हे मूल सात दिवस आजारी पडून मेले, त्याची हकिकत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. तो जमिनीवर पडून राहिला, जेवला नाही; आणि मूल गेल्याचे कळताच उठला, अंग धुतले, देवाच्या घरी गेला व मग जेवला. चाकर चकित झाले तेव्हा तो म्हणाला की आता ते मजकडे येणार नाही, मीच त्याच्याकडे जाईन. त्याच सुमारास इनामगावी कोणी बाप खड्डा खणीत असेल व आई कुंभ पुसून घेत असेल. दुःख तेच. दाविदाजवळ एक शब्द होता. ह्यांच्याजवळ तो नव्हता. पण ज्याने दाविदाचे रडणे ऐकले त्याने ह्या बाईचे ऐकले नाही, असे शास्त्रात कोठे लिहिले आहे?

लिहिले आहे ते ह्याच्या उलटच. लुस्त्र येथे रानवट लोकांपुढे बोलताना पौलाने सांगितले की मागल्या पिढ्यांतही देवाने स्वतःविषयीची साक्ष बंद ठेवली नव्हती. पाऊस व पिकाचे हंगाम ही ती साक्ष. अथेन्सात तर तो म्हणतो की राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा व त्यांचे काळ देवानेच ठरवले, त्यांनी चाचपडत का होईना त्यास शोधावे म्हणून. आणि तो कोणापासून दूर नाही. प्रेषितांच्या कृत्यांचे चौदावे व सतरावे अध्याय उपदेशक बंधूंनी ह्या दृष्टीने पुन्हा वाचावेत. तान्ह्या मुलांविषयी तर प्रभूचे वागणे आपणा सर्वांस ठाऊक आहे. शिष्य आडवे आले तेव्हा तो रागावला. त्या मुलांचे आईबाप कोणत्या मताचे, हे त्याने विचारल्याची नोंद नाही.

आणि न्यायाविषयी? सोर व सीदोन ही मूर्तिपूजकांची शहरे. प्रभू येशूने आपल्या श्रोत्यांस बजावले की न्यायाच्या दिवशी त्या शहरांस तुमच्यापेक्षा सोपे जाईल, कारण जे तुम्ही पाहिले ते त्यांनी पाहिले नाही. निनवेचे लोक उठून ह्या पिढीस दोषी ठरवतील असेही तो म्हणाला. ज्याला थोडे दिले त्याजकडून थोडे मागितले जाईल, हा त्याचाच हिशेब आहे. म्हणजे, न ऐकलेल्यांचा विषय निघाला की प्रभू बोट ऐकलेल्यांकडे वळवतो. आपण ते बोट पुन्हा मेलेल्यांकडे वळवू नये. ख्रिस्ताने बंदीतील आत्म्यांस घोषणा केली असे पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. परंतु त्या वचनाच्या अर्थाविषयी मोठमोठ्यांत मतभेद आहेत, म्हणून त्याच्या पायावर आम्ही भिंत उभारीत नाही.

कठोर उत्तराने काय होते ते मंडळीच्या इतिहासात दिसते. सोळाव्या शतकात फ्रान्सिस झेवियर जपानात उपदेश करीत असता, आपल्या पूर्वजांस आता काहीच उपाय नाही हे ऐकून नवे विश्वासी रडले, असे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. त्याहून जुनी एक कथा युरोपात सांगतात. फ्रिसियन लोकांचा रॅडबॉड नावाचा राजा बाप्तिस्म्यासाठी पाण्यात पाय घालणार, इतक्यात त्याने विचारले की माझे वाडवडील कोठे आहेत. नरकात, असे उत्तर मिळताच त्याने पाय मागे घेतला व म्हणाला की मग मी त्यांच्याजवळच बरा. कथा खरी असो वा नसो, आपल्या आजीने पाय मागे घेतला नाही ही तिची थोरवी आहे, आपल्या उत्तराची नव्हे. आणि आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजेपणजे गावकुसाबाहेर जगले व मेले. त्यांस देवळाची पायरी वर्ज्य, पाणवठा वर्ज्य, अक्षर वर्ज्य. ज्यांना माणसांनी प्रत्येक दारातून परत लावले, त्यांना स्वर्गाच्या दारातूनही परत लावल्याचे आपण, त्यांचीच नातवंडे, खात्रीने सांगत फिरावे काय? न्यायासन आपले नाही. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करील एवढे अब्राहामास पुरले होते.

दुसऱ्या उत्तराकडे वळू. सर्व मार्ग सारखेच असतील तर त्या तोडलेल्या पायांचे काय करावयाचे? माया शिकण्यासाठी इनामगावास कोणी उपदेशक जावा लागला नाही. ती देवाने प्रत्येक आईच्या ठायी घातलेली आहे, व तिचा अभिमान ख्रिस्ती आईने अधिक बाळगावा असे नाही. परंतु त्याच मायेच्या माणसांस मृत्यूची इतकी दहशत होती की, बापाचे पाय तोडल्यावाचून त्यांस झोप येत नव्हती. मरणाच्या भयाने जन्मभर दास झालेल्यांस सोडवण्यास ख्रिस्त आला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, ते हेच. आणि हे दास्य तीन हजार वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. बाळंतपणात बाई गेली तर तिची हडळ होईल म्हणून तिच्या वाटेवर धान्य फेकण्याची चाल आपल्या आयाबायांनी पाहिली आहे. करणीच्या संशयाने भावाभावांत आजही वैर पडते. रविवारी उपासनेस बसणारा मनुष्य अमावास्येस चिंचेखालून जात नाही, हेही आम्ही जाणतो. कबरेतून उठलेल्या प्रभूच्या पायांस खिळ्यांच्या खुणा होत्या, आणि त्याच पायांनी तो शिष्यांकडे चालत आला. त्यास पाहून ते प्रथम भ्याले, भूत समजले. त्याने हातपाय दाखवले व खावयास मागितले. ही गोष्ट उपदेशकांनी पुनरुत्थानाच्या सणापुरती ठेवू नये.

हे गाव नाहीसे का झाले, असे काही वाचक विचारतील. उपदेशकास ओसाड शहराचे नाव सापडले की बाबेल आठवते व पापाचे फळ सांगण्याचा मोह होतो. येथे तो आवरावा. इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर पाऊसमान घटत गेले असे अभ्यासक सांगतात. पुढच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांची कलाकुसर उतरली, शेतीपेक्षा गुरांवर भिस्त वाढली, आणि शेवटी लोक पांगले. हे सर्व दुष्काळ भोगलेल्या कोणासही ओळखीचे वाटेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेली माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत. ती शेजाऱ्यांपेक्षा अधिक पापी होती काय? शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला तेव्हा प्रभूने ह्याच तर्काचा निषेध केला.

आमच्या देहूरोडाजवळ घोरवडेश्वराचा डोंगर आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत तेथे बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. भिक्षू कधीच गेले, आता तेथे महादेवाचे ठाणे आहे. पण एका लेण्यात ब्राह्मी लिपीत लेख आहे की, उसभणक नावाच्या नांगरकऱ्याच्या बायकोने आपल्या नंद नावाच्या मुलासह हे लेणे दान दिले. राजाची राणी नव्हे. नांगर धरणाराची बायको. पुणे-मुंबई रस्त्यावरून रोज हजारो गाड्या त्या डोंगराखालून जातात, आणि एका शेतकरणीचे दान, तिच्या मुलाच्या नावासकट, वर दगडात उभे आहे. घोडेकाठच्या आईचे तसे काहीच राहिले नाही. तिच्याजवळ अक्षर असते तर तिनेही कुंभावर नाव घातले असते असे आम्हास वाटते.

तळेगाव, चाकण, शिरूर ह्या बाजूस कारखान्यांसाठी व वसाहतींसाठी आज जेसीबी यंत्रे दिवसरात्र जमीन उकरीत आहेत. जुनी पांढरी उकरताना जाड खापऱ्या, हाडे किंवा रांजण निघाला तर काम थांबवून तलाठ्यास व तहसीलदारास कळवावे. गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहेच. परंतु सोन्याची आशा धरून कुंभ फोडणारास आत काय मिळण्याचा संभव आहे, ते आता वाचकांस ठाऊक झाले.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच. बाप्तिस्मा होण्यापूर्वी तान्हे मूल गेले, किंवा घरातील अबाप्तिस्मित म्हातारी गेली, तर आपल्या स्मशानभूमीत तिला जागा द्यावी किंवा नाही, यावरून काही मंडळ्यांत वाद होतात. मूल कोपऱ्यात, कुंपणालगत, प्रार्थनेवाचून पुरले गेल्याचेही ऐकिवात आहे. आमचे मत असे की, जागा द्यावी, आणि ती आपल्या माणसांच्या मधोमध द्यावी. उपदेशकाने स्वतः जावे. तारणाची खात्री किंवा नाशाची खात्री, ह्यांपैकी कोणतीही त्याने उघड्या खड्ड्याजवळ वाटू नये. दाविदाचा तो अध्याय वाचावा व प्रार्थना करावी. नंतर मंडळीच्या दफनाच्या वहीत मुलाचे नाव, आईबापांची नावे व तारीख लिहावी. नाव अद्याप ठेवलेले नसेल तर ती जागा कोरी सोडू नये. आईस विचारावे, तिने मनात एखादे ठरवलेले असते.